बाकरगंजचं वादळ, १८७६: वसाहतकाळातल्या आपत्तीचा पर्यावरणीय इतिहास कसा शोधावा

३१ ऑक्टोबर १८७६ च्या रात्री मेघना नदीच्या मुखावर चक्रीवादळ आलं. वाऱ्याने घरं पाडली, पण माणसं नेली ती पाण्याने. हातिया, संदीप, दक्षिण शाहबाजपूर ही बेटं आणि बाकरगंज, नोआखाली, चितगाव या जिल्ह्यांचा किनारा मध्यरात्रीच्या सुमारास समुद्राखाली गेला. हा सगळा प्रदेश आज बांगलादेशात आहे. पाणी ओसरल्यावर पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली आणि ती पुढे कित्येक आठवडे माणसं मारत राहिली. एकूण मृत्यू साधारणपणे दोन लाख किंवा त्याहून जास्त मानले जातात.

एवढ्या मोठ्या घटनेबद्दल मराठीत जवळजवळ काही वाचायला मिळत नाही. म्हणून हा लेख त्या वादळाची गोष्ट सांगतो आणि तिच्याच आधाराने अशा आपत्तीचा पर्यावरणीय इतिहास कसा बांधायचा, ते पायरीपायरीने दाखवतो. इतिहास किंवा भूगोलाचा प्रबंध लिहिणारे विद्यार्थी, तसंच स्वतःच्या आवडीने जुने कागद वाचणारे, अशा दोघांना तो उपयोगी पडावा. माझं म्हणणं आधीच सांगतो: वादळ एका रात्रीचं असतं, आपत्ती मात्र काही दशकं आधी तयार होऊ लागते आणि काही महिने नंतर संपते. या दोन्ही टोकांपर्यंत गेलं नाही, तर हाती फक्त हवामानाचा अहवाल राहतो.

१. वादळ खरंच झालं होतं का?

प्रश्न विचित्र वाटेल, पण सुरुवात इथूनच करा. जून १८८२ मध्ये मुंबईत मोठं चक्रीवादळ येऊन एक लाख माणसं मेली, असं अनेक याद्यांमध्ये छापलेलं आहे. त्या दिवसांची मुंबईची वर्तमानपत्रं उघडली की अशा संहाराची बातमीच सापडत नाही. लाख माणसं मेलेल्या शहरातली छापखान्यांची यंत्रं गप्प राहिली असती का? ते वादळ झालंच नाही, असंच आता अभ्यासक मानतात. तरीही एका यादीतून दुसऱ्या यादीत तो आकडा फिरतोच आहे.

कलकत्त्याच्या १७३७ च्या वादळाचंही तसंच. वादळ खरं होतं, पण त्याच्या नावावर लागलेला तीन लाख मृत्यूंचा आकडा त्या काळच्या कलकत्त्याच्या लोकसंख्येतच बसत नाही.

तेव्हा नियम साधा ठेवा: घटनेच्या काळातला, एकमेकांवर अवलंबून नसलेला असा किमान दोन प्रकारचा पुरावा हवा. १८७६ च्या बाबतीत तो भरपूर आहे. हवामान खात्याचे जॉन इलियट यांनी त्या ऑक्टोबरमधल्या विशाखापट्टणम आणि बाकरगंज अशा दोन्ही वादळांवर सविस्तर अहवाल लिहिला. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांनी नोव्हेंबरमध्ये बोटीने त्या भागाची पाहणी करून टिपण केलं. शिवाय जिल्ह्याचा पत्रव्यवहार आहे, आणि कलकत्ता व ढाक्याची इंग्रजी-बंगाली वर्तमानपत्रं आहेत.

२. वारा, पाणी आणि रोग वेगळे करा

एका मोठ्या कागदावर तीन आडवे पट्टे आखा. पहिला वाऱ्याचा: ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात बंगालच्या उपसागराच्या दक्षिण भागात वादळ तयार झालं, उत्तरेकडे सरकलं आणि ३१ च्या रात्रीपासून १ नोव्हेंबरच्या सकाळपर्यंत मेघनेच्या मुखावरून गेलं. दुसरा पाण्याचा: हा पट्टा जेमतेम काही तासांचा आहे, आणि डोंगराएवढे मृत्यू त्यातच आहेत. तिसरा रोगाचा: तो नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि हिवाळाभर पुढे जातो.

पाण्याचा पट्टा भरताना पंचांग हाताशी ठेवा. शके १७९८ ची कार्तिकी पौर्णिमा १ नोव्हेंबरला, म्हणजे वादळाच्याच सुमारास होती. उधाणाची भरती, पावसाळा नुकताच सरलेला असल्याने फुगून वाहणाऱ्या नद्या आणि त्यावर वाऱ्याने ढकललेला समुद्र, असं सगळं एकदम आलं. बंगालचा उपसागर उत्तरेकडे निमुळता होत जातो, किनाऱ्याजवळ तो उथळही आहे. त्यामुळे ढकललेलं पाणी पसरायला जागा मिळत नाही, ते उंचावत जातं.

लाटेच्या उंचीचे आकडे १० फुटांपासून ४० फुटांपर्यंत सापडतात. त्यातला सर्वांत मोठा उचलण्याचा मोह आवरा. प्रत्येक आकड्यापुढे जागा लिहा आणि तो कशावरून काढला तेही लिहा: झाडावर अडकलेला कचरा, भिंतीवरची पाण्याची रेघ, की कोणाची आठवण? बेटाच्या दक्षिण टोकाचा आकडा आणि नदीत वीस मैल आत असलेल्या गावाचा आकडा यांची सरासरी काढून काहीही कळत नाही.

३. आता शंभर वर्षं मागे जा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. माझ्या मते अशा अभ्यासाचा निम्मा वेळ याच पायरीवर जायला हवा.

पहिला प्रश्न जमिनीचा. मेघनेच्या मुखातली बेटं गाळाची आहेत. एका बाजूने कापली जातात, दुसऱ्या बाजूने वाढतात. नव्याने वर आलेल्या अशा जमिनीला तिथे ‘चर’ म्हणतात. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ब्रह्मपुत्रेने आपला जुना पूर्वेकडचा मार्ग सोडून आजच्या जमुनेच्या पात्राकडे सरकायला सुरुवात केली, आणि खालच्या सगळ्या नद्यांचं पाणी व गाळ यांची वाटणी बदलली. जेम्स रेनेलचे १७८० च्या आसपासचे बंगालचे नकाशे आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचे महसूल मोजणीचे नकाशे शेजारी ठेवून बघा. एकाच नावाचं बेट दोन्हीकडे वेगळ्याच आकाराचं दिसतं. तुमच्या गावांच्या यादीतलं प्रत्येक गाव १८७६ मध्ये नेमकं कुठे होतं, ते त्या काळच्या नकाशावरून ठरवा. आजच्या उपग्रहचित्रावर जुनं गाव टेकवू नका.

दुसरा प्रश्न जंगलाचा. बाकरगंजच्या दक्षिणेला सुंदरबनचं जंगल होतं. ते तोडून भातशेती करण्याला सरकारचं उत्तेजन होतं, कारण पडीक जंगलातून सारा मिळत नाही. जंगल तोडायला आलेली माणसं कोण होती? बहुतेक गरीब मुसलमान शेतकरी, नामशूद्र या जातीचे लोक, आणि अगदी दक्षिणेला आराकानातून (आजच्या म्यानमारमधून) आलेले ‘मग’ नावाचे लोक. खारफुटी किनाऱ्यावरून हटली तिथे लाट आणि घर यांच्या मध्ये अडसर उरला नाही. मात्र हे वाक्य सरसकट लिहू नका. जंगल कुठल्या पट्ट्यात, कोणत्या दशकात तुटलं हे दाखवता आलं तरच लिहा. मेघनेतल्या नव्या चरांवर मुळात दाट जंगल कितपत होतं, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर बेटागणिक बदलतं. याच सुमाराला, १८७५-७६ मध्ये, सुंदरबनचा काही भाग राखीव जंगल म्हणून घोषित झाला हेही नोंदवा. एकच सरकार एकीकडे जंगल राखत होतं आणि दुसरीकडे शेतीसाठी मोकळं करून देत होतं.

तिसरा प्रश्न मालकीचा. तो सुटला की बाकीचं उलगडू लागतं. १७९३ च्या कायमधारा पद्धतीत जमीनदाराने ठरलेला सारा ठरलेल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी भरायचा, नाहीतर मालमत्तेचा लिलाव. पूर, वादळ, दुष्काळ यांसाठी सूट नाही. हा भार खाली ढकलत ढकलत बाकरगंजमध्ये मध्यस्थांचे इतके थर तयार झाले की वाचणारा चक्रावतो: तालुका, त्याखाली ओसत तालुका, मग हाओला, निम हाओला, आणि पुढेही. प्रत्येक थर खालच्याकडून काही घेणार. सगळ्यांत खाली नांगर धरणारा शेतकरी. मग बेटाला बांध घालायचा कोणी? जो वर बसला आहे तो ढाक्यात किंवा कलकत्त्यात राहतो, आणि जो बेटावर राहतो त्याच्याकडे बांधाला पैसा नाही.

यात १८२५ चा अकरावा रेग्युलेशन जोडा. नदीने नव्याने आणलेली जमीन कोणाची, हे त्याने ठरवलं. कोणाच्या जमिनीला लागून गाळ साचला तर तो त्या मालकाचा, आणि मोठ्या नदीत सुटं बेट वर आलं तर ते सरकारचं. म्हणजे काही चरांवर खुद्द सरकारच जमीनदार होतं. म्हणून अशा चरांची वेगळी यादी करा. जमीनदार बेफिकीर होते, हा सरकारी कागदांतला नेहमीचा सूर तिथे तपासता येतो.

या पायरीसाठी दोन साधनं अमोल आहेत. विल्यम हंटर यांच्या बंगालच्या सांख्यिकी मालिकेचा पाचवा खंड बाकरगंजचा, सहावा नोआखालीचा. दोन्ही १८७५-७६ मध्ये निघाले. आणि त्या जिल्ह्याचे कलेक्टर राहिलेले हेन्री बेव्हरिज यांचं बाकरगंजवरचं पुस्तक १८७६ मध्येच प्रसिद्ध झालं. वादळाच्या अगदी आदल्या क्षणाचं एवढं तपशीलवार चित्र फार थोड्या आपत्तींच्या वाट्याला येतं. पिकं, झाडं, घरांची बांधणी, बाजार, बोटी, विहिरी आणि तळी यांच्या नोंदी तिथून काढून ठेवा. नारळी-पोफळीच्या दाट बागेत घर असण्याची तिथली रीत तुम्हाला तिथे भेटेल. पुढे वाचलेल्यांच्या हकिगतींमध्ये पुन्हा पुन्हा दिसतं की, त्या झाडांना धरून, फांद्यांत अडकून माणसं जगली.

४. मृत्यूचा आकडा उकला

टेंपल यांचा हिशेब असा: सुमारे ३,००० चौरस मैलांत १० लाख ६२ हजार माणसं संकटात सापडली, त्यांतली २ लाख १५ हजार गेली असावीत. म्हणजे पाचातला एक. हा आकडा प्रेतं मोजून आलेला नाही. १८७२ च्या जनगणनेतल्या लोकसंख्येवर ठिकठिकाणी ऐकलेलं मृतांचं प्रमाण लावून तो काढला आहे.

त्यामुळे तीन गोष्टी तपासाव्या लागतात. १८७२ ची जनगणना पहिलीच होती आणि अनेक ठिकाणी तिने माणसं कमी मोजली. दक्षिण शाहबाजपूर बेट १८६९ मध्ये नोआखाली जिल्ह्यातून काढून बाकरगंजला जोडलं गेलं होतं. आधीचे आणि नंतरचे जिल्ह्याचे आकडे ताडून पाहताना ही गोष्ट विसरलात तर काही लाख माणसं इकडची तिकडे होतील. म्हणून तुलना जिल्ह्याऐवजी ठाण्याच्या, म्हणजे पोलीस ठाण्याच्या हद्दीच्या, पातळीवर करा. तिसरी गोष्ट, नंतरच्या लेखनातला गोंधळ. काही ठिकाणी एकूण मृत्यू दोन लाख, त्यांतले निम्मे लाटेने आणि निम्मे रोग व उपासमारीने, असं लिहिलेलं असतं. दुसरीकडे लाटेचेच सव्वादोन लाखांच्या जवळ आणि रोगाचे वेगळे लाखभर, असं असतं. तुम्ही कोणता हिशेब घेतला आणि का, हे एका परिच्छेदात स्पष्ट लिहा. दोन्ही मिसळून तिसराच आकडा तयार करू नका.

बायका, लहान मुलं आणि म्हातारी माणसं किती गेली, याकडे खास लक्ष द्या. १८८१ च्या जनगणनेतले वयाचे आणि स्त्री-पुरुषांचे आकडे त्यासाठी उपयोगी पडतात. एकोणिसाव्या शतकातल्या अहवालांत या बायकांची नावं मिळणार नाहीत. निदान त्यांची संख्या तरी शोधली पाहिजे.

५. मदतीचा कागद वाचा, आणि तो लिहिणाऱ्याचा आधीचा कागदही

टेंपल यांना समजून घेतल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. १८७३-७४ च्या बिहार दुष्काळात त्यांनी ब्रह्मदेशातून प्रचंड प्रमाणात तांदूळ आणवला आणि साडेसहा दशलक्ष पौंडांच्या आसपास खर्च झाला. उपासमारीचे मृत्यू फारच थोडे झाले. एवढ्या यशाबद्दल त्यांना उधळपट्टीचा ठपका मिळाला. त्यानंतर दोनच वर्षांनी ते मेघनेच्या मुखावर उभे होते.

१८७६ मध्ये त्यांचं म्हणणं असं पडलं की, हा मुलूख सुपीक आहे, लोक सुस्थितीत आहेत, शेतात पीक उभं आहे, ते स्वतःच सावरतील. सरकारी मदत थोडक्यात दिली गेली आणि लवकर आवरली गेली. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत महाराणी व्हिक्टोरियाला सम्राज्ञी जाहीर करण्याचा दरबार भरायचा होता. लॉर्ड लिटन यांच्या सरकारचं लक्ष आणि पैसा तिकडे होता.

आता ‘शेतात पीक उभं आहे’ हे वाक्य घ्या आणि जमिनीवर तपासा. तिथलं मुख्य पीक आमन भात. ते नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कापतात. म्हणजे वादळाच्या रात्री भात निसवून दाणा भरत होता. जिथे खारं पाणी पटकन उतरलं तिथे काही पीक हाती आलं असेलही. पण कापणार कोण? बैल आणि गाई बुडाल्या होत्या, तर मळणी कशी करायची आणि पुढची नांगरट कशाने? धान्य साठवायच्या कणग्या वाहून गेल्या होत्या. पुढच्या पिकापर्यंत खायचं काय, हा प्रश्न पीक उभं असण्याने सुटत नाही. पर्यावरणाच्या इतिहासाची खरी ताकद अशाच ठिकाणी दिसते: पिकाचं वेळापत्रक, जनावरं आणि मीठ यांच्या कसोटीवर सरकारी वाक्य घासून बघता येतं.

त्याच बरोबर वर्तमानपत्रं वाचा. ‘अमृत बझार पत्रिका’, ‘हिंदू पेट्रियट’, ढाक्याचं ‘ढाका प्रकाश’. बंगाली येत नसेल तरी अडत नाही: सरकार देशी वर्तमानपत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी गोषवारे दर आठवड्याला तयार करवून घेत असे. ते छापील स्वरूपात टिकले आहेत. गोषवारा करणारा सरकारी माणूस होता, त्यामुळे काय गाळलं याचा विचार करत वाचा. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवर बंधनं घालणारा कायदा मार्च १८७८ मध्ये आला, म्हणून १८७६-७७ चा मजकूर त्यामानाने मोकळा आहे.

६. पटकीचा पाठलाग

तळी हीच त्या बेटांवरची पिण्याच्या पाण्याची सोय. समुद्राने ती खारट केली, त्यात माणसांची आणि जनावरांची प्रेतं कुजली. पण त्या काळचे अहवाल वाचताना पाण्यापेक्षा दुर्गंधीचाच उल्लेख जास्त सापडेल. रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीच्या जंतूचा शोध घेतला तो १८८४ मध्ये, आणि भारत सरकारचे तेव्हाचे सॅनिटरी कमिशनर कनिंगहॅम हे पटकी स्थानिक हवा-जमिनीतून होते असं मानणारे. म्हणून कागदात तळ्याचा उल्लेख नाही म्हणजे तळं स्वच्छ होतं, असा अर्थ काढू नका. तळी कुठे होती, त्यांची उपसणी झाली का, स्वच्छ पाणी कुठून आणलं गेलं, हे मदतीच्या हिशेबांतून शोधा. मृत्यूंची नोंद गावचा चौकीदार ठाण्यात देत असे. जिथे चौकीदारच वाहून गेला तिथल्या नोंदी रिकाम्या दिसतील, आणि नेमक्या त्या गावांत हानी सर्वांत जास्त असेल.

७. इशारा कोणासाठी होता

५ ऑक्टोबर १८६४ च्या वादळाने कलकत्ता बंदर उद्ध्वस्त केलं आणि हुगळीकाठची सुमारे पन्नास हजार माणसं गेली. त्यानंतर १८६५ पासून कलकत्ता बंदरात वादळाचे इशारे देण्याची व्यवस्था झाली. १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं, हेन्री ब्लॅनफोर्ड त्याचे पहिले प्रमुख. म्हणजे १८७६ मध्ये शास्त्र होतं, तार होती, खातंही होतं. पण ही सगळी व्यवस्था जहाजं आणि व्यापार यांच्यासाठी उभी राहिली होती. चरावर झोपलेल्या शेतकऱ्यापर्यंत इशारा पोहोचवायचा विचारच तिच्यात नव्हता. याच दक्षिण शाहबाजपूर बेटावर, म्हणजे आजच्या भोल्यावर, १२ नोव्हेंबर १९७० ला पुन्हा चक्रीवादळ आलं आणि किमान तीन लाख माणसं गेली. दोन्ही घटना शेजारी ठेवून इशाऱ्याचा शेवटचा टप्पा कुठे तुटला, हे बघण्यासारखं आहे.

हवामान खात्याचा वादळांच्या मार्गांचा संगणकीय संग्रह १८९१ पासूनचा आहे. १८७६ त्यात शोधू नका. इलियट यांच्या अहवालातल्या जहाजांच्या नोंदी आणि वायुदाबाचे तक्तेच तुमचा मूळ आधार.

८. कागद कुठे मिळतील

हंटर आणि बेव्हरिज इंटरनेट आर्काइव्हवर मोफत आहेत. भारत सरकारच्या पातळीवरच्या फायली राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर शोधा. बंगाल सरकारच्या कलकत्त्यातल्या राज्य अभिलेखागारात, जिल्ह्याकडच्या ढाक्यात, आणि लंडनला गेलेल्या ब्रिटिश लायब्ररीत. शोधताना बाकरगंज, संदीप, नोआखाली या प्रत्येक नावाची तीन-चार इंग्रजी स्पेलिंग टाकून बघा, आणि ‘सायक्लोन’बरोबर ‘स्टॉर्म वेव्ह’ हेही.

मुंबईत बसून सुरुवात करायची असेल तर एक सरळ धागा आहे. जानेवारी १८७७ मध्ये टेंपल यांना दक्षिणेच्या दुष्काळाची पाहणी करायला पाठवलं गेलं. त्यांनी दुष्काळी कामांवरच्या मजुरीतला धान्याचा भाग दिवसाला एक पौंडावर आणला, त्याविरुद्ध दख्खनमधल्या मजुरांनी कामं सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. त्याच वर्षी टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले. मेघनेच्या मुखावर मदत आखडती घेणारा आणि दख्खनमध्ये मजुरी कापणारा अधिकारी एकच, आणि मध्ये अंतर तीन महिन्यांचं. दख्खनच्या दुष्काळाचे कागद काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात पाहता येतात. मजुरीच्या वादावरची टिपणं आधी मागवा आणि ती वाचताना बाकरगंजचं टिपण शेजारी उघडं ठेवा. ‘लोक स्वतः सावरतील’ हा युक्तिवाद दोन्हीकडे कुठे जुळतो आणि कुठे वेगळा होतो, ते तारखांसह टिपत जा.